रिपोर्ट आला, आता पुढे काय? स्तनांच्या तपासणीनंतरचे निरोप समजून घेताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. पारोळा तालुक्यात आमचं गाव. दुपारी रेशनकार्ड शोधताना त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक मोठं पांढरं पाकीट निघालं. आत आईच्या मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, फिल्म आणि दोन पानी इंग्रजी रिपोर्ट. तारीख ऑक्टोबरची. आईला विचारलं तर ती चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाली, "तुना भाऊनी वाचं ना फोनमा. झिरो शे म्हने त्यामा. काही नही निंघनं."

भाऊ सुरतला असतो. तपासणीच्या शिबिरात आईने रिपोर्टसाठी त्याचा नंबर दिला होता, कारण तिचा फोन बटणांचा. रिपोर्टची लिंक त्याच्या मोबाइलवर गेली, त्याने शेवटची ओळ पाहिली, तिथे बायरॅड्स ० लिहिलेलं होतं (बायरॅड्स म्हणजे स्तनांच्या रिपोर्टचा निष्कर्ष आकड्यात सांगायची पद्धत), आणि त्याने फोन करून सांगितलं की शून्य आहे, काळजी नको. पुढे जानेवारीत एका अनोळखी नंबरवरून आईला दोनदा फोन आला. बँकेच्या नावाने फसवणारे असतील म्हणून तिने कापला. तो शिबिराकडचाच फोन होता, हे आम्हाला मे महिन्यात कळलं.

शून्याच्या वरच रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की आणखी फोटो आणि सोनोग्राफी करून घ्यावी. ते कोणी वाचलं नाही. बायरॅड्समधलं शून्य म्हणजे "काही नाही" असं नसतं. तपासणी अजून पुरी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे आईचं काय झालं ते ओघात सांगेनच, घाबरण्यासारखं काही निघालं नाही. पण ते सात महिने मला अजून आठवतात. त्यानंतर गावातल्या आणि नात्यातल्या बऱ्याच बायकांचे कागद घेऊन मी जळगाव-धुळ्याच्या चकरा मारल्या. मी डॉक्टर नाही. रोग कसा बरा करायचा ते डॉक्टर सांगतील. त्यांनी सांगितलेलं अर्धवट पोचू नये, वाटेत हरवू नये, यासाठी काय काय करायचं ते इथे लिहिते आहे.

आधी ओळखा: तपासणी नेमकी कोणती झाली?

"माझी तपासणी झाली" असं बायका सांगतात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी काहीही झालेलं असतं.

पहिली, हाताने केलेली तपासणी. आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात आणि आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, बोलावतात. तिथे बीपी, शुगर, तोंडाची तपासणी आणि बायकांसाठी स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी असते. केंद्र सरकारच्या कार्यक्रमानुसार यातली कॅन्सरची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. तिथल्या ताईंना हाताला काही वेगळं लागलं तर त्या चिठ्ठी देऊन पुढे ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. ती चिठ्ठी म्हणजे कॅन्सरचा रिपोर्ट नाही. "मला वेगळं लागलं, तुम्ही बघा" एवढाच तो पुढच्या डॉक्टरांना निरोप आहे. पण तो पोचवायचा असतो. पदराच्या गाठीत बांधून ठेवलेल्या चिठ्ठीवर डॉक्टर काहीच करू शकत नाहीत.

"हाताने बघून काय कळतं?" असं घरातली पुरुष मंडळी हमखास म्हणतात. त्यांना हे सांगा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास केला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं तरी कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडत गेला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

दुसरी सोनोग्राफी, तिसरी मॅमोग्राफी. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. प्रत्येक बाजूचे दोन, असे साधारण चार फोटो काढतात आणि त्यासाठी स्तन दोन पाट्यांमध्ये दाबतात. चाळिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर बहुतेक वेळा आधी सोनोग्राफीच करतात. कागद हातात आला की सर्वांत वरची ओळ बघा, कोणती तपासणी झाली ते तिथे असतं.

तपासणीच्या दिवशीच करायची कामं

निरोपाचा गोंधळ टाळायला सर्वांत सोपा दिवस हाच.

दोन मोबाइल नंबर द्या. त्यातला एक तरी तुमच्यासोबत त्याच घरात राहणाऱ्या माणसाचा असू द्या. सुरतला किंवा पुण्याला असलेल्या मुलाचा नंबर दुसरा लिहा, पहिला नको. नंबर रिचार्ज संपून बंद पडणाऱ्यातला नाही ना, तेही बघा.

नाव आधारवर आहे तसंच लिहायला सांगा. आपल्याकडे एका गावात निम्मी पाटील मंडळी, त्यात एकाच नावाच्या चार बायका आणि दोघींच्या नवऱ्यांचं नावही एकच. कुठे नावापुढे "बाई" लागतं, कुठे नाही, कुठे माहेरचं नाव लिहिलं जातं. अशाने रिपोर्ट भलत्याच घरी गेलेला मी पाहिला आहे. म्हणून पावतीवरचा नोंदणी क्रमांक महत्त्वाचा. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक फोनवर तोच नंबर सांगायचा आहे.

आधी कधी मॅमोग्राफी झाली असेल तर ती फिल्म किंवा सीडी सोबत न्या. नवीन फोटो जुन्याशेजारी ठेवून पाहिला की डॉक्टरांना बदल कळतो. केवळ जुना फोटो नव्हता म्हणूनही कधीकधी शून्य नंबर येतो. त्या दिवशी काखेत पावडर, क्रीम, डिओ काही लावू नका, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटू शकतात.

आणि निघण्याआधी खिडकीवर चार गोष्टी विचारा. रिपोर्ट किती दिवसांनी येईल? फोनवर येईल की कागद घ्यायला यायचं? तो समजावून कोण सांगेल? आणि त्या दिवसापर्यंत काहीच आलं नाही तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? उत्तरं पावतीच्या मागेच लिहून घ्या. चौथा प्रश्न सगळ्यांचाच राहतो, आणि पुढे सगळ्यात जास्त त्याचीच गरज पडते. फोन आला नाही म्हणजे सगळं चांगलंच असेल, असं आपण धरून चालतो. तसं धरू नका. माणसं कामात असतात, नंबर चुकतो, लिंक काही दिवसांनी उघडेनाशी होते. सांगितलेली तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी आपण फोन करायचा.

रिपोर्ट आला: शेवटून वाचायला घ्या

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि सुरुवातीला नजर जाईल तिथे अवघड शब्द असतात. ते सोडा. शेवटच्या चार-सहा ओळींमध्ये निष्कर्ष लिहिलेला असतो, तिथे बी, आय, मग छोटी आडवी रेघ, मग आर, ए, डी, एस अशी अक्षरं शोधा. हेच ते बायरॅड्स. त्यापुढे ० ते ६ पैकी एक आकडा असेल. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे असू शकतात, उजवीचा आणि डावीचा वेगळा लिहून घ्या.

०: तपासणी अपुरी. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मची गरज आहे. जगभर ज्यांना तपासणीनंतर असं परत बोलावतात त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. अमेरिकेतल्या नियमित मॅमोग्राफीत परत बोलावलेल्या दहा जणींत एकीलाही तो सापडत नाही. पण आपल्याकडे पुष्कळ बायका गाठ लागल्यावरच तपासणीला जातात, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून घरी बसू नका, परत जाच.

१: काही वेगळं दिसलं नाही. रिपोर्टमध्ये "निगेटिव्ह" हा शब्द असेल तर तो इथे चांगला.

२: काहीतरी दिसतंय, पण साधं आहे, कॅन्सर नाही. पाण्याची गाठ, जुना चुना साठलेला ठिपका, अशा गोष्टी. पुढची तपासणी नेहमीच्या वेळी.

३: बहुधा साधंच आहे. कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तरी सहा महिन्यांनी परत बघायचं.

४: संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासायला हवा. याच्या पुढे ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि त्यांत मोठा फरक आहे. ४ ए म्हणजे शक्यता २ ते १० टक्के, ४ बी म्हणजे १० ते ५०, ४ सी म्हणजे ५० ते ९५. त्यामुळे "चार आलाय" एवढंच कोणी फोनवर सांगितलं तर पुढचं अक्षर विचारा.

५: संशय फार दाट, ९५ टक्क्यांच्या वर. इथे एक आठवडाही वाया घालवू नका.

६: आधीच तुकडा तपासून कॅन्सर ठरला आहे, आणि उपचारासाठी पुन्हा फोटो काढले आहेत.

हे आकडे म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. हा गैरसमज मला इतक्या घरांत भेटला की तो वेगळा लिहिते. एका घरी ४ ए वाचून "चौथी स्टेज, आता काही उरलं नाही" म्हणत सगळे रडत बसले होते. ४ ए म्हणजे शंभरातल्या नव्वदजणींना कॅन्सर निघतच नाही. स्टेज ठरते ती कॅन्सर नक्की झाल्यावर, पुढच्या तपासण्या करून.

बाकीचे आकडे आणि शब्द

एकाच कागदावर आणखी पाच-सहा ठिकाणी आकडे असतात आणि माणसं नेमका नको तो उचलतात.

"२ वाजता", "१० वाजता" असं लिहिलेलं असतं. ती वेळ नाही, जागा आहे. स्तनावर घड्याळ ठेवलंय असं समजायचं आणि काटा दाखवतो तिकडे गाठ.

"१२ गुणिले ८" असं माप असेल तर शेजारी मिलिमीटर आहे की सेंटिमीटर ते बघा. १२ मिलिमीटर म्हणजे साधारण वाटाण्यापेक्षा थोडी मोठी गाठ. आमच्या ओळखीत एकीच्या दिराने ते सेंटिमीटर समजून गावभर सांगितलं.

ए, बी, सी, डी असं एकेक अक्षर सुटं असेल, बहुधा वरच्या भागात, तर ते स्तनांच्या घनतेबद्दल असतं. सी आणि डी म्हणजे दाट. तो आजार नाही, पण दाट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ पटकन दिसत नाही, म्हणून सोनोग्राफीही करायला सांगतात. हे अक्षर आणि ४ ए मधलं अक्षर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बारीक सुईने पाणी-पेशी काढून तपासल्या असतील तर त्या रिपोर्टवर सी १ ते सी ५ असा नंबर येतो. सी १ म्हणजे नमुना पुरेसा नव्हता, पुन्हा घ्यावा लागेल. आणि लोक तिथेही "सी १, सगळ्यात कमी, बरं झालं" म्हणून घरी जातात. सी २ म्हणजे साधं. तिथून वर संशय वाढत जातो, सी ५ म्हणजे कॅन्सर.

शब्दांपैकी "लीजन" वाचून घाबरू नका, तो "काहीतरी वेगळं दिसणारं" एवढ्याच अर्थाने लिहितात. "फायब्रोअ‍ॅडेनोमा" आणि "सिम्पल सिस्ट" ही साध्या गाठींची नावं. "क्लिनिकल कोरिलेशन" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा की फोटो बघणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला हात लावून पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तपासून ताळा जमवावा. म्हणजेच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाणं हा तपासणीचाच भाग आहे, ते वेगळं काम नाही.

आणि एक गोष्ट रिपोर्टपेक्षाही वर ठेवा. हाताला गाठ लागतेय, बोंडातून रक्त येतंय, बोंड आत ओढलं गेलंय, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय, आणि मॅमोग्राफीचा रिपोर्ट मात्र १ आहे, तर गप्प बसू नका. मॅमोग्राफीत साधारण आठात एक कॅन्सर निसटतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की रिपोर्ट चांगला आहे पण गाठ हाताला लागतेय. आपल्या बायका नेमक्या इथे कमी पडतात. "माले काही दुखस नही, मंग दवाखानामा कसाले जावानं?" हे मी दर घरात ऐकते. सुरुवातीच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

फोन करायचा कसा

फोनवर आपण लांबण लावतो, तिकडचा माणूस घाईत असतो, आणि शेवटी "डॉक्टरांना भेटा" एवढंच ऐकून फोन ठेवतो. मी हे असं करते. आधी कागद, पेन, पावती समोर. मग:

"नमस्कार ताई, माझ्या आईची मॅमोग्राफी तुमच्याकडे ऑक्टोबरात झाली. नोंदणी क्रमांक सांगू?"

"सांगा... हो, रिपोर्ट दिलाय की तुम्हाला."

"मिळाला. त्यात शून्य लिहिलंय आणि पुढे सोनोग्राफी सांगितलीय. ती तुमच्याकडे होईल की दुसरीकडे? आणि कोणत्या दिवशी यायचं?"

"दुसरीकडे करावी लागेल. डॉक्टर चिठ्ठी देतील."

"कोणते डॉक्टर, कोणत्या वारी, किती वाजता बसतात? आणि आपलं नाव सांगता का ताई, मी लिहून ठेवते."

नाव विचारल्याचा कोणाला राग येत नाही, फक्त आवाज सौम्य हवा. फोन ठेवण्याआधी ऐकलेलं परत बोलून दाखवा: "म्हणजे मंगळवारी सकाळी दहाला, फिल्म घेऊन, बरोबर ना?" तारीख, वेळ, कोणाशी बोललात, काय ठरलं, हे सगळं एका वहीत लिहा. शाळेची जुनी वही चालेल, पण एकच वही.

उलट बाजूने फोन आला तर? अनोळखी नंबर उचला, पण तपासणीच्या नावाखाली ओटीपी किंवा पैसे मागितले तर देऊ नका. "मीच तुमच्या केंद्रात फोन करते" म्हणा आणि पावतीवरच्या नंबरवर फोन लावा. खरा फोन असेल तर तिथे नोंद असते. आईने फोन कापला यात तिची चूक नव्हती, पावतीवर परत फोन करायचा नंबरच कोणी लिहून दिला नव्हता.

दोन कागद दोन गोष्टी सांगतात तेव्हा

मॅमोग्राफी म्हणते ४, सोनोग्राफी म्हणते ३. किंवा तालुक्याचे डॉक्टर म्हणतात काही नाही, जळगावचे म्हणतात सुई लावा. किंवा रिपोर्टमध्ये डावी बाजू आणि चिठ्ठीवर उजवी. हे सगळं मी पाहिलंय.

बाजू चुकली असेल, नाव-वय चुकलं असेल, तर त्याच दिवशी केंद्रात जाऊन दुरुस्त केलेला नवा रिपोर्ट छापून घ्या. पेनाने खाडाखोड केलेला कागद पुढे कोणी धरत नाही.

मतं वेगळी असतील तर आपण घरी बसून मध्यम मार्ग काढायचा नाही. जास्त गंभीर सांगणारा कागद खरा धरून पुढे जायचं आणि दोन्ही कागद, फिल्म, सीडी एकाच डॉक्टरांसमोर ठेवायचे. शक्यतो कॅन्सरचे किंवा सर्जरीचे डॉक्टर. "या दोन्हींत फरक आहे, तुम्ही कोणतं मत धरता आणि का?" असं सरळ विचारायचं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा आपला हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. कागदांची प्रतही आपला हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांसाठी नियम आहे. बहुतेक वेळा नियम काढावा लागत नाही, एक साधा लेखी अर्ज पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो काढून कोणाला पाठवला आणि "काही नाही" असं उत्तर आलं तर ते मत समजू नका. ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत बारीक ठिपके दिसतच नाहीत.

सुई लावायची म्हटल्यावर

"सुई लावली की पसरतो" ही भीती आपल्याकडे खोलवर बसलीय, आणि तिच्यापायी बायका सहा सहा महिने घरगुती लेप लावत बसतात. सुईने तुकडा काढल्यामुळे कॅन्सर पसरत नाही. तुकडा न काढता उशीर केला, तर असलेला वाढतो.

जागा बधिर करून जाड सुईने चार-सहा बारीक तुकडे काढतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. रिपोर्टला आठवडाभर लागू शकतो. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी करतात, तिला आयएचसी म्हणतात, आणि तिला आणखी काही दिवस जातात. म्हणून "अजून रिपोर्ट आला नाही" याचा अर्थ "काहीतरी वाईट आहे म्हणून लपवतायत" असा काढू नका. कधी यायचं ते विचारून ठेवा, एवढंच. आयएचसीच्या रिपोर्टमध्ये "पॉझिटिव्ह" शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ कोणतं औषध लागू पडेल त्याच्याशी असतो, चांगलं-वाईट तिथे लावू नका.

आणि तुकड्याची स्लाइड, म्हणजे काचेची पट्टी, व तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक सांभाळा. पुढे मुंबईला टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर तिथले डॉक्टर ते पुन्हा स्वतः तपासतात. ब्लॉक मिळवायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये पावती दाखवावी लागते, ती नसली तर धुळ्याची पुन्हा एक चक्कर.

पैशाचं: महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात, पण ते योजनेतल्या रुग्णालयात, मंजुरी घेऊन. सुटी मॅमोग्राफी किंवा बाहेरची सोनोग्राफी सहसा त्यात धरत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या, आणि दोन्हींवरचं नाव जुळतंय का ते आजच बघून ठेवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

सहा महिने म्हणजे कोणती तारीख?

आईची मे महिन्यात सोनोग्राफी आणि दोन जादा फोटो झाले. नंबर आला ३. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांनी या.

सहा महिने म्हणजे नोव्हेंबर, आणि नोव्हेंबरात आमच्याकडे कापूस वेचणी. शेतात कापूस फुटलेला, मजूर मिळेनात, अशात कोणती बाई "मला दवाखान्यात जायचंय" म्हणेल? रावेर-यावलकडे हेच केळीच्या कटाईत होतं, शहाद्याकडे ऊसतोडीत. ज्यांना काही दुखत नाही त्यांची तारीख सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. म्हणून "सहा महिन्यांनी" असं कधीच घेऊन यायचं नाही. तिथेच बसून तारीख आणि वार लिहून घ्यायचा, आणि ती तारीख कामाच्या गर्दीत येत असेल तर तिथेच सांगायचं, डॉक्टर आठवडाभर अलीकडची देतात. मग घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करायचा आणि एका दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवायचं. आईच्या बाबतीत ते आशाताईंना सांगितलं.

कोणाला सांगायचं हाही प्रश्नच असतो. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण एकटीनेही वाहू नका. नवऱ्याला सांगायला लाज वाटते, सासूला सांगितलं तर बोभाटा होईल, अशा वेळी बहीण, वहिनी, आशाताई, कोणीतरी एक धरा. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर सोबत नर्स किंवा घरची बाई हजर असावी अशी मागणी करता येते, तोही आपला हक्क आहे. फक्त संकोचापायी न गेलेल्या बायका मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला बाई पावरी किंवा भिलीच बोलत असेल तर तिची भाषा कळणारी बाई सोबत न्या, मुलगा नको. आईच्या छातीबद्दल मुलासमोर ती मोकळेपणाने बोलणार नाही.

नोव्हेंबरात मी आदल्या रात्रीच माहेरी गेले. आईने सकाळी सातला भाकरी टाकल्या, वेचणीच्या बायांना कामं वाटून दिली आणि साडेआठची धुळ्याची एसटी आम्ही पकडली. पिशवीत ऑक्टोबरची फिल्म, मे महिन्याचे कागद, वही, आधार, पाण्याची बाटली. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावून पाहिला, गाठ तेवढीच होती, नंबर पुन्हा ३. मी वही उघडून पेन काढत होते, तेवढ्यात आईनेच विचारलं, "मंग आते परत कधी येवानं?"

"आणखी सहा महिन्यांनी."

"तारीख लिखी द्या," आई म्हणाली. डॉक्टरांनी मे महिन्यातला एक मंगळवार लिहून दिला, आखाजी झाल्यानंतरचा.